लोरेंगकाठचा मुका भोंगा

१

ट्रक सापडला तेव्हा चिखलावर फक्त त्याचा उजवा आरसा दिसत होता. आरशात आभाळ होतं, निळं, धुतल्यासारखं. आत तुकिजो होता. लाहारनं त्याला बसल्या जागी झाकलं होतं आणि त्याचे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

लाहार आमच्याकडे पुरासारखा सांगून येत नाही. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर साठलेली राख माथ्यावरच्या पावसात कालवली जाते आणि घराएवढे दगड काखेत घेऊन खाली धावते. खाली तेव्हा लख्ख ऊन असतं. नदीच्या पात्रात बांबूच्या टोप्या घातलेल्या बाया वाळू चाळत असतात, डोंगराला आजा म्हणून गात असतात :

चाळते मी वाळू, आजा, तुझ्या राखेची काळी काळी
पोटापुरतं दे रे आजा, हाक नको पाठीवरी

आणि वरून मरण निघालेलं असतं. म्हणून लोरेंग नदीच्या दोन्ही काठांवर भोंगे बसवले आहेत. भोंगा वाजला की चाळण टाकून वर पळायचं आणि भोंगा गप्प असेल तोवर खोदायचं. पोरं चालायला लागली की इथे आधी हेच शिकतात.

परवा लाहार आला आणि पूर्वकाठचा भोंगा वाजला नाही.

जिल्ह्याच्या कचेरीनं मला चौकशीला पाठवलं. मी निंग्रुम, यंत्रं तपासते, आणि याच डोंगराच्या राखेत खेळून मोठी झाले आहे. पूर्वकाठच्या वातुगेदे गावात ग्रामकचेरीपाशी पोचले तर दाराबाहेर माणसं कुदळी घेऊन बसली होती. त्या दिवशी खोदायला मात्र कुणीच गेलं नव्हतं.

आतल्या खोलीत पाक पारजानना कोंडून ठेवलं होतं. आमच्याकडे मोठ्या माणसाला मानानं पाक, बाईला बू आणि तरुणाला मास म्हणतात. पहाऱ्याच्या खोलीत बसून माथ्यावरच्या सेन्सरांकडे बघायचं आणि वेळ आली की भोंग्याला हुकूम सोडायचा, हे त्यांचं काम. त्यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"बू, मी दाबलं होतं," मी बसायच्या आतच ते म्हणाले.

"एकदाच?"

"बोट वळेना झालं तोवर. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'जागा' होतं. दोन्ही भोंगे जागे. आणि बाहेर काहीच नाही, बू. कोंबडा आरवल्याचं ऐकू येत होतं, एवढं शांत."

"लोक म्हणतात झोप लागली तुम्हाला."

"माझी सुमिराह रोज पश्चिमेच्या काठाला वाळू चाळते. तिच्या बापाला झोप लागेल? मला मारायचं तर मारू देत. पण माझ्या खुर्चीवर आज कोण बसलंय?"

मी दाराशी उभ्या शिपायाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. कुणीच बसलं नव्हतं.

"आणि सुमिराह?"

"नदीत. पूल गेला, फोनचा मनोरा गेला. मी इथं आहे हेही तिला ठाऊक नाही. परवा लाहार पूर्वेच्या काठानंच गेला आणि पश्चिमेचा भोंगा पडद्यावर 'जागा' दिसतो, म्हणून तो ठीक आहे म्हणतात आणि तिकडं काम चालू आहे."

खोलीला एकच खिडकी होती. तिच्यातून मेरापीचा माथा दिसत होता, आणि माथ्यावर चिंधीएवढा एक ढग येऊन बसला होता.

२

पाक बोंदानच्या अंगणात लग्नाचा मांडव अजून उभा होता. नारळाच्या कोवळ्या झावळ्यांची तोरणं पिवळी पडून लोंबत होती आणि त्यांच्याच खाली तुकिजोच्या मातीला आलेली माणसं बसली होती. बोंदान वाळूचे ठेकेदार. तुकिजो त्यांच्या बहिणीचा मुलगा.

"बसा. चहा घ्या. आणि काय विचारायचं ते सरळ विचारा," ते गुरकावले. "वळसे घालायला मला वेळ नाही."

"लग्नाच्या दिवशी भोंग्याला मौन होतं, काही तास गप्प ठेवलं होतं, असं नोंदीत आहे. ते कुणी घालायला लावलं?"

"मी! लपवतो काय? नवरानवरी समोरासमोर येतात त्या घटकेला भोंग्याची चाचणी केकाटली तर जन्माचा अपशकुन. इथं प्रत्येक लग्नाला मौन असतं. मागं सरपंचाच्या, आमच्या लुराहच्या, पोरीच्या वेळी होतं तेव्हा नाही कुणी चौकशी आणली."

"त्या वेळात लाहार आला असता तर?"

"पारजान नदीवर बसला होता ना शिट्टी घेऊन. जेवणसुद्धा तिथंच पाठवलं. आणि संध्याकाळी त्यानं मौन काढलं तेव्हा मी मागं उभा होतो. माझ्या डोळ्यांनी बघितलं, 'जागा' आलं पडद्यावर. नंतर झोपला तर त्याला मी काय करू?"

"लोक आणखीही काही बोलतात, पाक. भोंगा वाजला की तुमचे ट्रक रिकामे परततात. गप्प भोंगा तुम्हाला परवडतो."

बोंदाननी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि बोलले ते मात्र अगदी हळू. "बाई, त्या पोराला मी खांद्यावर बसवून नदी दाखवलीय. आरसा चिखलाबाहेर दिसला तेव्हा मी नखांनी उकरत होतो. हे बघा." त्यांनी हात पुढे केले. मी बघितले आणि मान वळवली.

मी चहाचा पेला उचलला.

"लग्नाला बाहेरचं कुणी आलं होतं?" मी विचारलं.

"सगळं गावातलंच. हां, तो तुमच्यातला एक, मास दानर, यंत्रवाला. फणसाच्या गुडेगचं ताट वाढलं तर अर्धं टाकून उठला. माझ्या बायकोला राग आला. तो म्हणे, भोंगा गप्प आहे तोवर काम उरकून घेतो."

मी पेला खाली ठेवला. "कसलं काम?"

"मला काय कळतं त्यातलं? त्यालाच विचारा. पूर्वेच्या चौकीपाशी असेल. दोन दिवस झाले, पोरगा जेवत नाही, बोलत नाही. डोंगराकडं बघत बसतो नुसता."

३

पूर्वेची चौकी म्हणजे काठावर एक खांब, खांबावर भोंगा, त्याच्या वर सौर पाट्या, आणि खाली कुलपातला एक डबा. डब्यात छोटासा संगणक. दानर पायरीवर बसला होता. मला बघून उठला आणि हात जोडल्यासारखे करून वाकला. पंचविशीचा, देखणा, ओठ फुटलेले.

"भोंगा ठणठणीत आहे, बू. ऐकवतो." त्यानं आधी कर्ण्यावरून चाचणी असल्याचं ओरडून सांगितलं, मग हुकूम दिला. भोंगा असा किंचाळला की माझ्या दातांत कळ गेली. खाली गावात एक बाई तरीही रडायला लागली, ते मला ऐकू आलं.

"मग परवा का नाही वाजला?"

"हुकूमच आला नसणार. हे बघा, आलेल्या हुकमांची मोजणी. आत्ताची चाचणी सोडली तर शून्य."

"ही मोजणी कधीपासूनची?"

"डबा सुरू झाल्यापासूनची."

"आणि डबा कधी सुरू झाला?"

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. पडद्यावर उत्तर दिसतच होतं. डबा काल सकाळी, लाहार येऊन गेल्यावर, नव्यानं सुरू झाला होता.

"लाइन गेली असेल लाहारमध्ये," तो म्हणाला. "परत आली असेल."

मी वर पाट्यांकडे बघितलं. चौकीला कुठल्याही खांबावरून विजेची तार आलेली नव्हती. लाइन जायला मुळात लाइन होतीच कुठे? पण मी काही बोलले नाही. घाबरलेल्या माणसाला लगेच पकडलं की तो मिटतो. त्याच्या आवडीचं काही विचारावं.

"आतला प्रोग्राम तूच लिहिलास ना? फार चपळ आहे म्हणतात."

त्याचा चेहरा जरा उजळला. "ह्याच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, बाइटकोडचा एक छोटा प्रोग्राम बसतो. दारावरचा पहारेकरी म्हणा. रेडिओवरून आलेला प्रत्येक संदेश तो तपासतो. खरा हुकूम असेल तर भोंग्याला सोडतो, कुणाचा खोडसाळपणा असेल तर फेकतो. आधीचा पहारेकरी मंद होता, बू. प्रत्येक संदेशाला नोंदींचा तक्ता उघडून बघायचा, मौन आहे का, चाचणी आहे का. राखेच्या दिवसांत संदेशांचा पाऊस पडतो, तेव्हा डबा नुसता धापा टाकायचा."

"मग?"

"मग मी त्या गोष्टी स्थिरांक केल्या. प्रोग्राम चढवतानाच एकदा सांगायच्या आणि गोठवून टाकायच्या. गाभ्यात एक पारखी असतो, तो आत घेण्याआधी ओळ न ओळ वाचतो. हे मूल्य आता कधीच बदलायचं नाही, हे त्याला समजतं. मग ज्या वाटेनं कुणी कधी जाणारच नाही, ती वाट तो छाटून टाकतो. आत उरतं ते फक्त लागेल तेवढं. पिसासारखं हलकं."

"सुंदर आहे," मी म्हणाले, आणि ते खरंच सुंदर होतं. चढलेल्या प्रोग्रामचा आकार मी पडद्यावरून टिपून घेतला. "आणि छाटलेली वाट पुन्हा हवी झाली तर?"

"तर प्रोग्राम पुन्हा चढवायचा. नाहीतर डबाच बंद करून सु..."

डब्याच्या झाकणावरचा त्याचा हात तिथेच राहिला.

वर माथ्यावरची चिंधी आता चादरीएवढी झाली होती.

४

चौकीखालच्या टपरीवर एक आजी जादाह-तेंपे, म्हणजे चिकट भाताच्या वड्या आणि सोयाबीनचे तुकडे, विकत बसली होती. केळीच्या पानात बांधलेल्या दोन पुड्या मी घेतल्या आणि एक दानरला दिली.

"चल मास, पश्चिमेला जाऊ. पूल नाही तर लांबच्या रस्त्यानं जीप जाते. बाया पात्रात बसून जेवतात, त्यांच्यात बसून खाऊ. सुमिराहला बापाचा निरोपही देऊ."

"पश्चिमेचा भोंगा ठीक आहे, बू. कशाला उगाच?"

"ठीक आहे ना? मग नदीत बसायला काय हरकत?"

"मी... मला इथं थांबायला सांगितलंय."

"मी परवानगी देते. ये की. ऊन किती छान पडलंय."

त्याच्या हातातली पुडी सुटली. वड्यांचे तुकडे राखेत घरंगळले. टपरीवाली आजी पुटपुटली, "अन्न सांडतोस होय रे? आई नाही वाटतं शिकवायला."

आजीपासून दूर झाडाखाली मी त्याला बसवलं. "आता मी बोलते. चूक असेल तिथं मला थांबव," मी म्हणाले. "चढवताना भोंगा मधेच केकाटतो, म्हणून यंत्रवाले अशा कामाला मौनाचा दिवस धरतात. मीही धरायचे. तू लग्नाचा दिवस धरलास. नवा प्रोग्राम चढला तेव्हा मौन चालू होतं. पारख्यानं वाचलं : मौन आहे आणि ते गोठलेलं आहे, म्हणजे भोंगा कधीच वाजवायचा नाही. त्यानं ती वाट छाटून टाकली."

दानरनं थांबवलं नाही.

"संध्याकाळी पारजाननी मौन काढलं. जुन्या प्रोग्रामला तेवढं पुरायचं, तो दर वेळी तक्ता बघायचा. तक्त्यात 'जागा' झालं, पडदा तक्ताच वाचतो, तो हिरवा झाला. पण तुझा पहारेकरी तक्ता बघतच नाही. परवा पारजान बोट वळेना होईपर्यंत हुकूम सोडत होते आणि इथं दारावर प्रत्येक हुकूम मुकाट्यानं मरत होता. ती मोजणीही डब्यातच होती. शून्य नव्हती ती."

त्यानं कान झाकून घेतले. मी हात काढले नाहीत त्याचे, फक्त आवाज वाढवला.

"तुकिजोची बातमी आली आणि काय झालं ते सगळ्या जगात तुला एकट्याला कळलं. काल सकाळी तू इथं आलास. डबा बंद केलास, सुरू केलास. मौन निघालेलं होतं, म्हणून या वेळी प्रोग्राम अख्खा चढला. भोंगा बरा झाला, मोजणी पुसली गेली आणि दोष पारजानच्या गळ्यात पडला. लाइन गेली म्हणालास. इथं लाइन नाही, दानर."

"मी त्यांना सांगायला विसरलो, बू," तो हुंदके देत म्हणाला. "मौन काढल्यावर पुन्हा चढवा, एवढंच सांगायचं होतं. ताट अर्धं टाकून आलो होतो, बोंदानची बायको रागावली होती, परत जाऊन माफी मागू म्हटलं आणि त्या गडबडीत... नंतर त्या कुदळी बघितल्या."

"पश्चिमेचा कधी चढवलास?"

त्यानं राखेत बोटानं रेघ ओढली.

"दानर, पश्चिमेचा!"

"त्याच दुपारी," तो म्हणाला. "लग्नाचं मौन तिथंही चालूच होतं."

मी जीपची किल्ली हातात घेतली. "आणि पुन्हा चढवला नाहीस."

"दोन्ही चौक्यांमधल्या संदेशाच्या तारेवरून करता आलं असतं, ती तार पुलाबरोबर गेली. ग्रामकचेरीची माणसं मला सोडेनात. मी गुपचूप जाणारच होतो, बू, उद्या जाणार होतो..."

मी वर बघितलं. मेरापीला आता माथाच नव्हता.

५

ग्रामकचेरीपुढे जीप थांबवून मी पारजानना बाहेर काढायला लावलं. कुदळीवाले उठून उभे राहिले, त्यांच्यात आता बोंदानही होते.

"पाक बोंदान," मी ओरडले, "यांना त्यांच्या खुर्चीवर न्या. शेजारी स्वतः बसा. ते हुकूम सोडतात की नाही ते तुमच्या डोळ्यांनी बघा. पूर्वेचा भोंगा पश्चिमेला ऐकू जात नाही, पण रेडिओ तिथवर पोचतो. आणि तोवर यांना बोट लावलंत तर तिकडच्या सगळ्या बाया तुमच्या माथी."

"हा माझ्या भाच्याला..."

"बघून तर घ्या! मग काय करायचं ते करा."

बोंदाननी पारजानच्या सुजलेल्या डोळ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे जीपमध्ये बसलेल्या दानरकडे. ते अडाणी नव्हते. त्यांनी काहीही न विचारता पारजानच्या दंडाला धरलं आणि चालायला लागले. पारजान वळून म्हणाले, "बू, सुमिराहच्या टोपीला लाल फीत आहे." एवढंच.

लांबचा रस्ता डोंगराच्या पोटाला वळसा घालतो. दानर एक शब्द बोलला नाही. ऊन होतं, पण वारा गार झाला होता आणि वरून खाली येत होता. वाटेत एका ओढ्याचं पाणी राखाडी झालेलं दिसलं. मी जीप आणखी दामटली.

पश्चिमेच्या चौकीवरून नदी पूर्ण दिसते. पात्रभर टोप्या होत्या, पांढऱ्या, पिवळ्या. लाल फीत मला इतक्या वरून दिसेना. बाया गात होत्या.

मी डबा उघडला. तक्त्यात मौन नव्हतं, पडद्यावर हिरवं 'जागा' होतं. कुणीही बघितलं असतं तरी सही करून गेलं असतं. मी गाभ्यात बसलेल्या प्रोग्रामचा आकार मागवला. पूर्वेच्या भावंडाच्या निम्मासुद्धा नव्हता. ओळी उघडून बघितल्या : संदेश घे, मोज, परत फीर. भोंग्याकडे जाणारी एकही वाट आत उरलेली नव्हती. आणि त्याच्या मोजणीत परवाचे सगळे हुकूम पडून होते, पारजानच्या बोटाचे.

"पुन्हा चढवते मी. तू..." मी वळून बघितलं तर दानर नव्हता. तो उतारावरून खाली धावत सुटला होता. थोड्या वेळापूर्वी ज्या नदीत बसायला भ्याला, त्याच नदीत.

त्याचा आवाज वर येत होता. "वर चला! वर चला! लाहार!" आणि मागोमाग बायांचं हसणं.

"काय रे मास, ऊन लागलं का?"

"भोंगा गप्प बसलाय आणि हा केकाटतोय!"

"लग्नाचं बघा गं याच्या, बायको नाही म्हणून भटकतोय!"

एकही बाई उठली नाही. त्यांचं काय चुकलं? त्यांना तेच शिकवलं होतं. आम्हीच शिकवलं होतं.

आतला प्रोग्राम उतरवला. तोच पुन्हा चढवला. पारखी ओळी वाचत होता. पडद्यावर आकार आला. अख्खा होता.

आणि भोंगा गप्प.

आता पुढचं भय सुरू झालं. त्याच्यात वाट होती, पण तो गप्प का होता ते मला कसं कळणार? वर अजून काही झालं नसेल म्हणून? की हुकूम पोचत नाही म्हणून? की नदीपलीकडे पहाऱ्याच्या खोलीत कुणाची कुदळ उठली म्हणून? मी खांबाला हात लावून उभी राहिले. खांब थरथरत होता. आधी वाटलं माझाच हात आहे. मग पायांखालची माती थरथरते आहे हे कळलं, आणि मी चाचणीच्या कळीकडे हात नेला.

हात पोचायच्या आत भोंगा वाजला.

मी त्याला स्पर्शही केला नव्हता. तो हुकूम हवेतून आला होता, त्या एका डोळ्यानं बघणाऱ्या माणसाचा.

पात्रात चाळणी उडाल्या. टोप्या एका झपाट्यात काठाकडे वळल्या, जसा वारा भाताला वळवतो. कुणी कुणाला ढकललं नाही. म्हाताऱ्यांना मधे घेऊन त्या चढत होत्या, लहानपणापासून घोकलेलं करत होत्या. दानर सगळ्यांच्या मागे होता, एका आजीला पाठुंगळी घेऊन, आणि ती आजी त्याला शिव्या घालत होती.

मग वळणावरून ती आली. तिच्यात पाणी कुठेच दिसत नव्हतं. काळी, जाड, दगड दगडांवर आपटत येणारी नदी. तिच्या वाफेला गंधकाचा वास होता. बाया जेवायला बसतात तो खडक उभा होता, आणि पुढच्या क्षणी नव्हता.

काठावर माणसं मोजायला लागली, नावांनी. प्रत्येक नावाला ओ येत होती. दानर आजीला उतरवून माझ्यासमोर येऊन उभा राहिला, चिखलानं भरलेले हात पुढे करून, जणू मीच बेड्या आणल्या आहेत.

"परत गेल्यावर पाक पारजानना आधी तू सांगायचंस," मी म्हणाले. "सगळ्या गावासमोर. मी शेजारी उभी राहीन."

त्यानं मान हलवली. ओठ पांढरे पडले होते त्याचे.

लाल फितीची टोपी हातात धरून एक मुलगी धापा टाकत पुढे आली. तिनं वर भोंग्याकडे बघितलं. "आज बाबाच बसलेत ना खुर्चीवर?"

"कशावरून?"

"दुसरं कोण एवढं दाबून ठेवतं? आता बास म्हणावं त्यांना. आम्ही सगळ्या वर आलो."

पण सांगणार कसं? तार तुटलेली, मनोरा पडलेला. त्या काठावरून या काठाची माणसं दिसत नाहीत. नदी अर्धी ओसरली, बाया ओल्या लुगड्यांनी काठावर टेकल्या, पोरांनी कानांत बोटं घातली, तरी भोंगा थांबेना. पारजाननी कळीवरचं बोट उचललंच नव्हतं.